तीन अबुल आणि एक हमीद

जालना म्हटले की बाहेरगावच्या माणसाला बियाण्यांच्या कंपन्या आठवतात, लोखंडी सळ्यांचे कारखाने आठवतात आणि जिभेची आठवण शाबूत असेल तर मोसंबी. इतिहासाचा षौक असलेला मनुष्य १८०३ च्या आसईच्या लढाईचे नाव घेतो. भाविक माणूस समर्थांच्या जांब गावाचे. एका पाहुण्याचे नाव मात्र कोणी घेत नाही. जुन्या गॅझेटियरात त्याची ओळ-दोन ओळींची नोंद आहे: अकबराच्या दरबारातून दूर धाडला गेलेला अबुल फजल काही काळ या गावी राहिला होता.

अबुल फजल म्हणजे शाळेच्या पुस्तकातले 'अकबरनामा' आणि 'ऐन-ए-अकबरी' लिहिणारे गृहस्थ. परीक्षेत दोन गुणांना येत आणि पुढच्या वर्षी विसरले जात. पण वाचकहो, इस्लामी जगात गेली हजार वर्षे एक मोठा वाद चालू आहे आणि त्या वादाच्या गोष्टीत आमचा मराठवाडा पुन्हा पुन्हा डोकावतो. गंमत अशी की या गोष्टीतली तीन मोठी माणसे आमच्याच आसपास, फार तर एका दिवसाच्या एस.टी.च्या प्रवासात उरकतील अशा तीन गावांशी जोडलेली आहेत आणि तिघांच्याही नावाची सुरुवात 'अबुल'ने होते. चौथा मात्र हमीद. तो कोकणातला.

आता वाद कसला, तो आधी सांगतो. तांत्रिक शब्द दोनच आहेत, घाबरू नका. एक 'तकलीद' आणि दुसरा 'इज्तिहाद'. तकलीद म्हणजे पूर्वीच्या आचार्यांनी जे ठरवून ठेवले त्यावरून चालणे. इज्तिहाद म्हणजे नवा प्रश्न उभा राहिला की जाणत्याने मूळ ग्रंथाकडे जाऊन, आपली बुद्धी शिणवून उत्तर शोधणे. आठव्या-नवव्या शतकांत अबू हनीफा, मालिक, शाफी आणि इब्न हंबल या चार आचार्यांच्या नावांनी सुन्नी कायद्याच्या चार शाखा रुजल्या. आमच्याकडचे मुसलमान बहुतेक हनफी, कोकणातले शाफी. पुढे असा समज पसरला की, दहाव्या शतकाच्या सुमारास इज्तिहादचे दार बंद झाले. जे विचारायचे ते विचारून झाले, आता फक्त पाठ करायचे. अलीकडच्या संशोधकांनी दाखवून दिले आहे की दार तसे पुरते बंद कधीच झाले नव्हते. पण बंद आहे असे सगळ्यांनी मानले, तर ढकलून पाहायला जातो कोण?

आपल्याकडे हे नवल वाटायला नको. 'शास्त्रात सांगितले आहे' या तीन शब्दांनी आपल्या घरांतली किती तोंडे बंद झाली आणि त्यासाठी लोकहितवादींपासून जोतीबांपर्यंत किती जणांना लेखणी झिजवावी लागली, हे मराठी माणसाला सांगायला नको.

पहिल्या अबुलकडे वळू. त्याच्या बापापासून सुरुवात करावी लागते. पंधराव्या शतकात जौनपूरचे सय्यद महंमद (१४४३–१५०५) यांनी आपण 'महदी', म्हणजे अखेरच्या काळी येणारा मार्गदर्शक, असल्याचे जाहीर केले. त्यांचे अनुयायी ते महदवी. ते 'दायरा' नावाच्या वस्त्या करून राहात, मिळकत वाटून घेत, साधेपणाचा आग्रह धरीत. दरबारी उलेमांच्या डोळ्यांत ते सलत. हिजरी सनाचे पहिले सहस्रक सरत आले होते आणि काहीतरी नवे घडणार अशी हवा होती. ही हवा दख्खनेतही आली. अहमदनगरच्या निजामशाहीत १५८९ मध्ये जमालखान नावाच्या महदवी सरदाराने सत्ता हाती घेतली आणि दोनेक वर्षे तो पंथ दरबाराचा पंथ होऊन बसला. १५९१ मध्ये रोहणखेडच्या लढाईत जमालखान पडला आणि खेळ संपला. रोहणखेड आमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात.

आग्र्याचे शेख मुबारक यांच्यावर याच महदवींची बाजू घेतल्याचा ठपका आला. विद्वान माणूस, पण उलेमा पाठीस लागले आणि कुटुंबाला दारोदार लपत फिरावे लागले. रात्री एखाद्या मित्राच्या घरी जावे आणि त्याचा चेहरा उतरलेला पाहून पुन्हा रस्त्यावर यावे, अशी ती दशा. धाकट्या मुलाने ते पाहिले आणि पुढे आपल्या ग्रंथात लिहून ठेवले. तो मुलगा अबुल फजल. मताच्या नावाखाली माणसाचा पाठलाग कसा होतो, हे ज्याने लहानपणी पाहिले त्याने मोठेपणी 'सुल्ह-ए-कुल', सर्वांशी सलोखा, या तत्त्वाचा कैवार घ्यावा यात नवल ते काय?

१५७५ मध्ये फत्तेपूर सिक्रीला इबादतखाना उभा राहिला. तिथे आधी मुसलमान पंडित आपसांत भांडले, मग ब्राह्मण, जैन, पारशी आणि गोव्याहून आलेले पाद्री यांचीही भर पडली. १५७९ मध्ये शेख मुबारक यांनी एक जाहीरनामा लिहिला: धर्मशास्त्र्यांत मतभेद झाले तर त्यांतले एक मत प्रजेच्या हितासाठी निवडण्याचा अधिकार बादशहाचा. म्हणजे दार उघडले, पण किल्ली बादशहाच्या कमरेला. हा दोष लहान नव्हता. बादशहा बदलला की किल्ली बदलणार! अबुल फजलने मात्र बुद्धीचा कैवार शेवटपर्यंत सोडला नाही. महाभारताचे फारसीत भाषांतर झाले तेव्हा त्याला प्रस्तावना त्यानेच लिहिली. दोन्ही समाजांनी एकमेकांचे ग्रंथ वाचले तर वैर कमी होईल, आणि आपल्याही समजुती तपासून पाहता येतील, असा तिचा आशय.

१५९९ मध्ये तो दख्खनेत आला. मोहिमा, तह, वेढे यांच्या धांदलीत कधीतरी त्याचा मुक्काम जालन्यात पडला. १६०२ मध्ये इथून आग्र्याकडे परतताना शाहजादा सलीमच्या सांगण्यावरून वीरसिंह बुंदेल्याने त्याला वाटेत मारले. पुढे सहा वर्षांनी जांबेत नारायण ठोसर जन्माला आला. माणसे एकमेकांना चुकतात, गावे तिथेच असतात.

मधला काळ भरभर ओलांडू. औरंगजेबाने हनफी निवाड्यांचा प्रचंड संग्रह, 'फतावा-ए-आलमगिरी', पंडितांकडून करवून घेतला. तो तकलीदचा कळस. दिल्लीच्या शाह वलीउल्लांनी (१७०३–१७६२) कुराणाचे फारसी भाषांतर करून सामान्य वाचकाला ग्रंथ खुला केला आणि इज्तिहादची गरज पुन्हा सांगितली. मग इंग्रज आले आणि प्रश्नच बदलला: आता नव्या विद्येचे करायचे काय?

या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकातली सर्वांत तिखट जुगलबंदी निजामाच्या हैदराबादेत लिहिली गेली, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ मध्ये अलीगडला शाळा काढली. निसर्गाचे नियम ही ईश्वराची कृती आणि कुराण हा त्याचा शब्द, दोहोंत विरोध असूच शकत नाही, असा त्यांचा दावा. 'नेचर' हा शब्द ते इतक्यांदा वापरीत की विरोधकांनी त्यांच्या अनुयायांना 'नेचरी' म्हणून हिणवले. जगभर भटकलेले जमालुद्दीन अफगाणी १८८० च्या आसपास हैदराबादेत मुक्कामाला होते. त्यांनी तिथे फारसीत या नेचरींचे खंडन लिहिले. सय्यदांना ते इंग्रजांचे मिंधे समजत. पण डोळसपणे पाहिले तर नव्या विद्येची गरज दोघांनाही पटलेली होती. भांडण इंग्रजांशी कसे वागायचे याचे होते. त्याच हैदराबादेत निजामाच्या नोकरीतले मौलवी चिराग अली इंग्रजीत पुस्तक लिहून सांगत होते की, मुसलमानी कायदा ही माणसांनी रचलेली चीज आहे, माणसांना ती सुधारता येते. १९२९ मध्ये इक्बाल आले आणि त्यांनी मद्रासेत व हैदराबादेत व्याख्याने दिली. पुढे छापलेल्या त्या व्याख्यानांत इज्तिहादला त्यांनी इस्लामच्या रचनेतले गतीचे तत्त्व ठरवले.

त्या हैदराबाद राज्यातला आमचा जालना. १९८१ पर्यंत तो औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता आणि औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, २५ सप्टेंबर १९०३ रोजी दुसरा अबुल जन्मला: अबुल आला मौदूदी. वडील वकील. मुलगा औरंगाबादच्या मदरसा फौकानियात शिकला, तिथे जुन्या विद्येबरोबर नवे विषयही असत. आणि आता नवल ऐका. चौदा वर्षांचा असताना या मुलाने अरबीतून उर्दूत भाषांतर केले ते कोणत्या पुस्तकाचे? इजिप्तच्या कासिम अमीन यांच्या 'आधुनिक स्त्री'चे! बाईने शिकावे, पडदा सोडावा, असे सांगणारे ते पुस्तक. तोच मुलगा मोठेपणी 'परदा' नावाचे पुस्तक लिहून नेमके उलटे सांगू लागला.

मौदूदींना दार उघडायचे होते, हे मात्र विसरू नये. जुन्या उलेमांचे पाठांतर त्यांनाही मान्य नव्हते. फक्त दार उघडून ते ज्या खोलीत शिरले ती खोली वेगळी. सार्वभौम सत्ता ईश्वराची, तेव्हा राज्यही त्याच्याच कायद्याने चालले पाहिजे, हा त्यांचा सिद्धांत. १९४१ मध्ये लाहोरला त्यांनी जमाते इस्लामी स्थापली, फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, १९५३ मध्ये तिथल्या लष्करी न्यायालयाने त्यांना फाशीची शिक्षा सुनावली आणि ती पुढे रद्द होऊन ते सुटले. इजिप्तच्या सय्यद कुतुबसारख्यांवर त्यांचा मोठा प्रभाव पडला. १९७९ मध्ये ते वारले तोवर औरंगाबादेतल्या वकिलाच्या या मुलाचे नाव अर्ध्या जगात पोचले होते. चांगले की वाईट, ते ऐकणारा कोण यावर अवलंबून.

तिसरे अबुल म्हणजे मौलाना अबुल कलाम आझाद. तरुणपणी ईश्वरी राज्याची भाषा तेही बोलत; १९१२ मध्ये सुरू केलेल्या त्यांच्या 'अल-हिलाल'चे वाचक मौदूदीही होते. पण गुरू पुढे दुसऱ्या वाटेने गेला. आझादांनी कुराणावर 'तर्जुमान-उल-कुराण' लिहिले, त्यात म्हटले की सर्व धर्मांचा गाभा, 'दीन', एकच. वेगळे असतात ते आचार. मौदूदींच्या मासिकाचेही नाव हेच, 'तर्जुमान-उल-कुराण'. पाटी एक, दुकाने दोन, आणि माल परस्परांशी भांडणारा!

१९४२ च्या ऑगस्टपासून १९४५ पर्यंत आझाद अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. पहाटे तीन-चारला उठून ते स्वतः चहा करीत. चिनी चहा, दुधाशिवाय. दूधसाखर घालून आपण जे पितो त्याला ते चहा मानायलाच तयार नसत. कैदेत त्यांनी पत्रे लिहिली. ती पाठवायची सोय नव्हती, म्हणून पुढे 'गुबार-ए-खातिर' या नावाने छापली. ज्यांच्या नावे लिहिली ते हबीबुर रहमान खान शेरवानी हे उस्मानिया विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. पत्रांत चहा आहे, खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांची गोष्ट आहे, आणि १९४३ मध्ये कलकत्त्यात वारलेल्या पत्नीविषयीचे दुःखही आहे. तिला भेटू द्या म्हणून सरकारकडे अर्ज करणे त्यांनी नाकारले होते. आपण लहानपणी वारसाने मिळालेला धर्म तसाच घेतला नाही, शंकेच्या रानातून चालून पुन्हा श्रद्धेपाशी आलो, हेही त्यांनी लिहिले आहे.

इथवरचे सारे मोठमोठ्या मंडळींचे झाले. पण दार उघडे की बंद, याचा हिशेब अखेर चुकता करतात त्या घरातल्या बायका.

आमच्या गल्लीत एक निवृत्त उर्दू शिक्षक राहतात. सगळा मोहल्ला त्यांना मास्टरसाहेब म्हणतो, मीही म्हणतो. त्यांची नात कायदा शिकते. एके संध्याकाळी तिने मला विचारले, "काका, नवरा परागंदा झाला तर हनफी कायद्याने बाईने किती वर्षे थांबायचे, माहीत आहे?" मला माहीत नव्हते. "तो जिवंत असता तर नव्वदीच्या घरात गेला असता, इतकी!" ती म्हणाली. मास्टरसाहेब हसले नाहीत. त्यांनी सांगितले ते असे:

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबात अशा अडकलेल्या बाया धर्म सोडल्याचे न्यायालयात जाहीर करू लागल्या, कारण धर्म सोडला की लग्न मोडत असे. एकच वाट उरली होती आणि ती घराबाहेर जाणारी. तेव्हा देवबंदी परंपरेतले, नव्या विद्येशी काडीचे नाते नसलेले, मौलाना अशरफ अली थानवी यांनी पुस्तक लिहिले. त्यांनी म्हटले, या प्रश्नावर हनफी सोडून मालिकी आचार्यांचे मत घ्यावे. मालिकी मतात चार वर्षांची मुदत आहे. त्याच पायावर १९३९ मध्ये मुस्लिम विवाह-विच्छेदाचा कायदा झाला. नवरा चार वर्षे बेपत्ता असेल, दोन वर्षे पोटगी देत नसेल, क्रूरपणे वागवीत असेल, तर बाईला न्यायालयातून सुटका मागता येऊ लागली.

"भाऊसाहेब," मास्टरसाहेब म्हणाले, "दरवाजा बंद था, ऐसा कौन बोला? नुसती कुंडी थी."

"कुंडी आतून होती की बाहेरून, ते विचारा ना आजोबांना," नात म्हणाली. यावर मास्टरसाहेबांनी चहा मागवला.

नातीच्या प्रश्नाचे उत्तर ज्याने सर्वांत रोखठोक दिले तो हमीद. हमीद दलवाई, जन्म १९३२, चिपळूणजवळचे मिरजोळी गाव. मराठी कथालेखक, 'इंधन' ही त्यांची कादंबरी १९६५ ची. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी मुंबईत विधानभवनावर सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा नेला. मागणी साधी: तोंडी तलाक नको, बहुपत्नीकत्व नको, सर्वांना एक कायदा हवा. सातच बाया! पण अशा कामात आठवी मिळणेच कठीण असते. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. नाव जोतीबांच्या १८७३ च्या सत्यशोधक समाजावरून घेतले, हे मराठी वाचकाला निराळे सांगायला नको. दलवाई इज्तिहादच्या दाराशी थांबलेच नाहीत. ग्रंथाचा नवा अर्थ लावत बसण्यापेक्षा नागरिकाला नागरिक म्हणून हक्क द्या, असे त्यांचे म्हणणे. त्यासाठी स्वकीयांचे जोडे आणि परकीयांच्या चुकीच्या टाळ्या, दोन्ही त्यांनी सोसले. टाळ्या सोसणे अधिक अवघड गेले असावे. कारण हिंदू जातीयवादालाही त्यांनी तितकेच सुनावले होते. मूत्रपिंडाच्या आजाराने ३ मे १९७७ रोजी ते वारले, वय अवघे चव्वेचाळीस. दफन नको, धार्मिक विधी नको, अशी इच्छा त्यांनी लिहून ठेवली होती. त्याप्रमाणे त्यांचे दहन झाले.

दलवाईंची वाट सर्वांना पटली नाही. माथेरानात जन्मलेले कायदेपंडित आसफ फैजी यांनी १९६३ मध्ये कायदा आणि धर्म वेगळे काढून, श्रद्धा न सोडता सुधारणा मांडली. मुंबईच्या असगर अली इंजिनिअरांनी कुराणाच्याच आधारे स्त्रीच्या समतेचा पक्ष लढवला आणि त्यापायी आपल्या बोहरा समाजाचा बहिष्कार पत्करला. १९९० मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले आणि मराठी ही आमचीही भाषा, हे ठणकावून सांगितले गेले. १९८५ मध्ये शाहबानोचा निकाल लागला, १९८६ मध्ये संसदेने तो कायद्याने निष्प्रभ केला. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी एका दमातला तिहेरी तलाक रद्दबातल ठरवला. सात बायांच्या मोर्चाला तेव्हा एक्कावन वर्षे झाली होती. २०१९ च्या कायद्याने तसा तलाक देणे गुन्हा झाला. आणि नवऱ्याला तुरुंगात धाडून बाईचे पोट कसे भरणार, हा वाद नव्याने सुरू झाला.

आता कोणी म्हणेल, शेजारच्या घरातला हा वाद; आपल्याला काय त्याचे? आहे, फार आहे. आपण सातशे वर्षे शेजारी राहतो. त्यांच्या ईदचा शिरखुर्मा आपल्याकडे येतो, आपला फराळ त्यांच्याकडे जातो. पण त्या घरात आपसांत काय बोलले जाते, याचा आपल्याला पत्ता नाही. सगळे एकाच मताचे, असे धरून आपण चालतो. आणि अशा समजुतीचा फायदा घेतात ते त्या घरातले हटवादी आणि आपल्या घरातले हटवादी. 'आमचा धर्म म्हणजे मी सांगतो तोच' असे एकाने म्हणायचे आणि 'त्यांचा धर्म म्हणजे तो सांगतो तोच' असे दुसऱ्याने. दोघांचे इतके एकमत एरवी कशावरही होत नाही! मधल्या मधे अबुल फजल, आझाद, फैजी आणि हमीद यांची नावे पुसली जातात, आणि कायदा शिकणाऱ्या मुलीला वाटू लागते की हे प्रश्न आपल्याच डोक्यात आले, आधी कोणी विचारलेच नव्हते.

म्हणून यंदाच्या फराळाच्या ताटाबरोबर एखादे पुस्तकही शेजारी धाडायला हरकत नाही. साने गुरुजींचे 'इस्लामी संस्कृती' आहे, रा. चिं. ढेऱ्यांचे 'मुसलमान मराठी संतकवी' आहे, सेतुमाधवराव पगडींचे सूफी संप्रदायावरचे पुस्तक आहे. धाडण्यापूर्वी स्वतः वाचावे, एवढीच अट. आणि ताट परत येईल तेव्हा त्यात एखादे पुस्तक आले, तर तेही वाचावे. मास्टरसाहेबांच्या नातीचा पुढचा प्रश्न वारसाहक्काचा आहे, असे तिने आधीच बजावून ठेवले आहे. आणि तो आपल्या घरातल्या मुलीही विचारू शकतात, तेव्हा उत्तराची तयारी ठेवलेली बरी.